बंद पाइपातलं पाणी

वेशीवरचा व्हॉल बंद झाला की कडूबाई टाकीखालच्या पाइपाला कान लावून बसायची. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तिचा नवरा गोपाळ गावाला पाणी सोडायचा. टाकी आपोआप रिकामी व्हायला लागली, तेव्हा सरपंच व्यंकटरावांनी भर चावडीत त्याला पाणीचोर म्हटलं. तिसऱ्या दिवशी गोपाळ विहिरीत सापडला.

पुढं ओढ्याकाठच्या उंबराखालचं गवत ऐन वैशाखात हिरवंगार दिसू लागलं. गोपाळच तिथं पाणी घालतो असं गावानं ठरवून टाकलं, लिंबं ठेवली, अन् तिकडची वाटच सोडली. जित्या माणसाचा जीव खाताना मात्र गाव भ्यालं नव्हतं.

यंदा परभणीहून संघप्रिया नावाची इंजिनिअर पोरगी पाणी मोजायला आली. तिनं पाइपाला जेल चोपडलं आणि दोन डब्या पट्ट्यानं आवळल्या.

"पाइप कापायचा न्हाई का?" व्यंकटरावांनी विचारलं.

"नाही. एक डबी आवाज सोडते, दुसरी ऐकते. माणसाला ऐकू न येणारा आवाज. पाण्यासोबत लवकर पोचतो, पाण्याच्या उलटा उशिरा. त्या फरकावरून पाणी किती धावतंय ते कळतं."

"व्हॉल बंद हाय. धावंल कुठं?"

"धावायलंय," कडूबाई म्हणाली. "मी रोज ऐकायले. मालक बोलायलेत त्याच्यात."

"बाई, डोस्कं फिरलंय तुजं."

संघप्रियानं मीटर त्यांच्यासमोर धरला. आकडा हलत होता. "मावशींचं खरं आहे. पाणी जातंय."

मग ओढ्यापलीकडं, वेशीवरच्या व्हॉलजवळ डब्या लावल्या. तिथं शून्य. म्हणजे पाणी मधेच, उंबराच्या हिरव्या गवताखाली मुरत होतं.

उंबराखाली खणायला एक गडी पुढं येईना. कडूबाईनंच कुदळ उचलली. "माजंच माणूस हाय. मला काय करंल?"

कमरेइतक्या खड्ड्यात फुटका पाइप भळाभळा वाहत होता. व्यंकटरावांनी डोक्याची टोपी काढली.

"कडूबाई, लय चुकलं आमचं."

"मला कशाला सांगता? त्यांना सांगा," ती विहिरीकडं हात करून म्हणाली.

चार दिवसांत पाइप सांधला. टाकी भरलेली राहू लागली, गोपाळचं नाव धुऊन निघालं. पाइप सांधला त्या दिवशी व्हॉल बंद झाल्यावर कडूबाई सवयीनं टाकीखाली गेली. पाइप गार होता. तिनं एक कान लावला, मग दुसरा लावला. आत काहीच नव्हतं.

"मालक," ती हळूच म्हणाली, "चोर न्हाई म्हनलेत आता तुमाला. बोला की."