चुलीवरचा लाल दिवा

कलाबाईचा ललित नाशिकच्या कॉलेजात चिकटपट्टीने दगड सोलायचा. वाडीवर कुणी विचारलं की कलाबाई असंच सांगायची, आणि लोक हसले की तीही हसायची. एवढं शिकून पोरगं सोलतंय काय, तर दगड! खरं तर ती काळसर धातूची एक चकचकीत वडी होती. तिचा पापुद्रा काढायचा, मग त्या पापुद्र्याचा पापुद्रा, इतका पातळ की डोळ्यांना दिसूच नये. असे पापुद्रे जोडून पट्टी केली, तिची एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली, की वीज निघते. चुलीची, भट्टीची फुकट जाणारी धग कामी यावी, एवढाच त्याचा ध्यास.

२००९ च्या दिवाळीत तो सिन्नरजवळच्या आपल्या वाडीवर आला आणि एक पट्टी त्याने चुलीच्या अंगाला चिकटवली. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच. कलाबाई भाकऱ्या थापत होती, आणि पट्टीला जोडलेला गव्हाएवढा दिवा लाल झाला. नीट लागला. मायलेक बघत बसले आणि तव्यावरची भाकरी करपली.

ललितने लगेच कॉलेजातल्या ज्ञानेश सरांना फोन केला. सर म्हणाले, इथे येऊन मोजायचं यंत्र घेऊन जा, आकडे आल्याशिवाय मी मानणार नाही. तो दुसऱ्या दिवशी निघणार होता, पण कलाबाईलाच दम निघेना. चांगल्या कामाला उशीर कशाला, म्हणत तिने त्याला पिटाळलं. नाशिकच्या रस्त्यावर ट्रकने मोटारसायकल उडवली. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, पण इतक्या घाईने?

सुतकात घरात चूल पेटत नाही. भाकरी सोयऱ्यांकडून यायची आणि कलाबाई थंड चुलीसमोर बसून राहायची. एकदा जाळ करावा, तो लाल ठिपका बघावा, असं तिला फार फार वाटे. पण रीत मोडली तर पोराची पुढची वाट अडेल, या भीतीने ती हात आवरी. सरांचा निरोप आला होता, दिवा मी डोळ्यांनी बघितला की हे काम ललितच्या नावाने छापून आणीन. तेवढ्यावर ती तग धरून होती.

सुतक फिटलं त्या सकाळी कलाबाई न्हायला गेली आणि जाऊ मालनबाई घर शुद्ध करायला आली. तिने भुई सारवली, ओल्या फडक्याने चूल घासली, वरून शेणमातीचं जाड पोतेरं दिलं. पट्टीलाही दिलं, कडा दाबून, मायेने. पुतण्याची वस्तू उघडी कशाला ठेवायची, असं तिला वाटलं.

दुपारी सर आले. कलाबाईने चूल पेटवली, भाकऱ्या झाल्या, निखारा पडला, दिवा काही लागेना. सरांनी माती उकरली तर पापुद्रे मातीबरोबर निघून आले. दुसरी पट्टी नव्हती, आणि ती कशी जोडायची हे एका ललितलाच ठाऊक होतं. मालनबाई तोंडात पदर कोंबून रडू लागली.

"तिला काय ठावं," कलाबाई सरांना म्हणाली. "लेकराचं समजूनच सारवलं तिनं."

सर भला माणूस. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. न बघितलेलं मला लिहिता येणार नाही, म्हणाले. कलाबाईने ऐकून घेतलं आणि त्यांना जेवायला वाढलं. मग ती समोर बसली.

"लिहू नका, सर. पण दिवा लागला व्हता. मी पाह्यलाय. तुमाला तरी खरं वाटतंय ना?"

सर हो म्हणाले, लगेच म्हणाले. गेल्या काही दिवसांत समजुतीचे होकार तिने पुष्कळ ऐकले होते. हाही त्यातलाच, हे तिला कळलं. ती उठली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.