माझ्यावरची चुकीची चिठ्ठी

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी काचपट्टी आहे. बोटभर लांब, अंगठ्याएवढी रुंद आणि परवापासून पुरती हादरलेली.

माझ्या अंगावर गोड्या पाण्यातल्या माशाच्या मूत्रपिंडाचा काप आहे. अशा माशाच्या अंगात सारखं पाणी शिरतं आणि मूत्रपिंड, म्हणजे कण्याखालची ती गडद लाल पट्टी, ते उपसून बाहेर टाकते. प्रयोगशाळेतल्या मामांनी एका नराचा आणि एका मादीचा काप काढून दोन काचांवर बसवला, गुलाबी रंगवला. ट्रेमध्ये नर डावीकडे, मादी उजवीकडे. वाळवण्यासाठी मामांनी ट्रे खिडकीकडे फिरवला, चहा घेऊन आले आणि मग चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या वाट्याला 'मादी' आली. मला काय कळणार! मी मिरवायला लागले.

पुस्तकात मूत्रपिंडाचं एकच चित्र होतं. नर-मादीतला फरक मॅडम आम्हा दोघींवरूनच शिकवायच्या. "मादीच्या मूत्रपिंडातल्या नळ्या जाड, नराच्या बारीक. घ्या लिहून." एकोणीस वर्षं मुलांनी निमूटपणे लिहून घेतलं.

दहा दिवसांपूर्वी परीक्षेत एका मुलीने स्वतः तयार केलेल्या काचपट्टीचं चित्र काढलं. नळ्या बारीक आणि खाली लिहिलं 'मादी'. मॅडमनी त्यावर लाल काट मारली.

"मॅडम, तो मासा बरणीत ठेवलाय. एकदा बघता का?"

"अगं, एकोणीस वर्षं बघतेय मी. नापास व्हायचंय का तुला?"

"पण त्याच्या पोटात अंडी आहेत, मॅडम."

मॅडम तरातरा बरणीपाशी गेल्या. अंडी होती, खच्चून भरलेली. मग आठवडाभर त्यांनी आणखी चार मासे उघडले, काप काढले, रंगवले. चारही वेळा मुलीचंच खरं निघालं.

मामांनी कपाळाला हात लावला. "ट्रे मी नेहमीच खिडकीकडे फिरवतो, मॅडम. चिठ्ठ्या नंतर लावतो. म्हणजे तेव्हा डावं-उजवं उलटंच झालं."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. मला पाय नाहीत, तरी सरकली. म्हणजे मी नराची! एवढ्या वह्यांत माझ्यामुळे खोटं उतरलं!

मुलगी पास झाली. मॅडम मात्र स्टुलावर बसूनच राहिल्या.

"मामा, सहा वर्षांपूर्वी एकीने हेच चित्र काढलं होतं. मी तिला नापास केलं. ती परत आलीच नाही हो."

मामांनी कपाटातून त्या वर्षीची हजेरीवही काढून दिली.

मित्रांनो, मला खोक्यात नीट ठेवा, बोटांचे ठसे पुसा, एवढंच मी आजवर मागत आले. आता आणखी एक मागते. माझ्यावरची चिठ्ठी वाचण्याआधी माझ्यात डोकावून पाहा. माझी चिठ्ठी परवाच बदलली. त्या नापास केलेल्या मुलीचा पत्ता मात्र मॅडम अजून शोधताहेत.