भात्याची फुंकर

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे ‘भाता’ म्हणत. प्रयोगशाळांना लागणारे काचेचे चंबू तो तोंडाने फुंकून बनवायचा, आणि त्याच्यासारखी फुंकर दुसऱ्या कुणाचीच नव्हती. अशा त्या भात्यालाच करोना व्हावा! तोही नव्या प्रकारचा, लस घेतलेली असताना.

लस टोचली होती त्याच्या बायकोनेच; ती नर्स. मग काय, गडी अंथरुणातूनच तोंडसुख घेऊ लागला. “वाजले ना तुझ्या लशीचे बारा?”

“अहो, विषाणूनं रूप बदललंय, म्हणून दारात अडवता आला नाही,” पाण्याचा ग्लास पुढे करत ती म्हणाली. “पण शरीराला तो अगदीच अनोळखी नाही. आत शिरला की गाठेल त्याला. तापा-खोकल्यावर निभावेल, बघा तुम्ही.” आणि वर अशी बिनधास्त हसायची, की भात्याला रागच यायचा.

झालंही तसंच. ताप उतरला, खोकला थांबला. पण कारखान्यात पाऊल टाकताच त्याचं अवसान गळालं. छातीत दमच उरला नसेल तर? मग जन्मभर खोकी बांधत बसायचं! आधी म्हणे भट्टी नीट तापली नाही, मग म्हणे नळी बदला. शेवटी मालकीणबाई वैतागल्या. “अहो भाता, फुंकताय की मी फुंकू?”

त्याने नळीच्या टोकाला लालबुंद काच घेतली. खरं तर चंबूला हलकीशी फुंकर पुरते. नव्या माणसांना हे कानीकपाळी ओरडून सांगणारा तोच. पण आज पठ्ठ्याने भीतीपोटी छाती भरून घेतली आणि जीव खाऊन फुंकलं. काच फुगली, भोपळ्याएवढी झाली आणि फाट्कन फुटली!

भात्याच्या हातून चंबू फुटलेला कुणी पाहिलाच नव्हता. आणि हा बाबा तर चक्क नाचत होता! त्याने तिथूनच बायकोला फोन लावला.

“अगं, फुटला!”

“काय फुटलं? लागलं का कुठे?”

“चंबू गं! माझ्या फुंकरीनं फुटला. दम आहे अजून छातीत! जिंकलीस बाई तू. नवी लस आली की पहिला दंड माझा.”

पलीकडून एक हुंदका ऐकू आला.

“आता रडतेस कशाला? तुला तर पक्की खात्री होती ना?”

“होती की,” ती नाक ओढत म्हणाली. “तरी रोज रात्री तुम्ही झोपलात की तुमच्या छातीला कान लावून बसायचे मी.”