दारावरची थाप

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण घराचा नव्हे, नाटकाचा. तळेगावच्या एका हौशी नाट्यमंडळानं मला प्लायवुडचा करून घेतलं आणि सागवानी रंग दिला. माझ्यामागे घर कधीच नव्हतं. हे प्रेक्षकांना कळू नये, एवढीच माझी अब्रू.

गेल्या वर्षी मंडळानं एक जुनी शोकांतिका बसवली. तिच्यातला राजा मुलीला घराबाहेर काढतो. शेवटी दारावर थाप पडते. राजा दारापर्यंत येतो, पण उघडत नाही, आणि पडदा पडतो.

राजाचं काम जवळच्या इंदुरी गावचे शेतकरी भिमाजी करायचे. तालमीत दिग्दर्शक दिगंबर सर म्हणाले, "ही थाप म्हणजे काळ. राजाला न्यायला आलाय."

राणी झालेल्या नीरजाताईंना ते पटलं नाही. "काळ परवानगी मागतो का, सर? ते राजाचं मन वाजतंय."

भिमाजी हळूच म्हणाले, "आन् भाईर पोरगीच आसंल तर?"

लेकीनं, समीक्षानं, त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून भिमाजी तिच्याशी बोलत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रयोगाच्या दिवशी थाप पडली. भिमाजी आले. कडीवर हात ठेवला. आणि त्यांनी मला सताड उघडलं.

मागे थाप वाजवणारा रुचिर लाकडी हातोडी घेऊन उभा, शेजारी चहाचा थर्मास. सगळं सभागृह हसत सुटलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं. भिमाजींनी खाली घातलेली मान पडदा पडला तरी वर केली नाही.

"न्हाई ऱ्हावलं, सर," ते म्हणाले. "समद्यांची लाज घालवली मी."

दुसऱ्या प्रयोगाआधी ते माझ्याशेजारी बसून नीरजाताईंना सांगत होते, "बेगडेवाडीला गेल्तो, पोरीकडं. दारात हुबा ऱ्हायलो. वाजवाया हातच उचलंना, यवडी लाज वाटली."

"मग?"

"वाजवलं. तिनं कोण म्हून इचारलं बी न्हाई. उगडलं."

त्या प्रयोगात ते माझ्यासमोर नुसते उभे राहिले. कडीला शिवले नाहीत. कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेत समीक्षा रडत होती.

ती थाप म्हणजे काय, यावर सर आणि नीरजाताई अजून वाद घालतात. मी आता गोदामात आहे, खालून वाळवी लागली आहे. मित्रांनो, मला जपा असं म्हणायला जीभ रेटत नाही. मला उघडून कोणाला काय मिळणार? तुमच्या घरच्या दाराची कडी मात्र गंजू देऊ नका.