उमेराच्या कानातला फाया

ईदच्या दुसऱ्या दिवशी लोकं नात्यागोत्यात जातात, शिरखुर्मा पितात. आमी गेलतो डोंगरात, कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, त्याहिच्या पोडावर. माझे घरवाले जमीरमियाँ सकाळपासून कुरकुरत होते. दिवसभर गॅरेजात इंजिनं खोलणारा माणूस, त्याले जंगलात कायची चैन पडते! पण जमनीनं लय दिवसापासून बलावलं होतं. पांढरकवड्याच्या बाजारात मध अन् टोपल्या विकते ती, माझी मैत्रीण. "आमच्या पोडात पन्नीचा, प्लास्टिकचा तुकडा दिसला त माझं नाव बदला," म्हणे.

आमची पाच वर्षांची लेक उमेरा संगं होती. मागच्या साली तिले एक गांधीलमाशी चावली त श्वास बंद पडला होता पोट्टीचा. डॉक्टर म्हणे, गांधीलमाशी असो का मधमाशी, पुन्हा चावली त दवाखान्यापर्यंत पोचणार नाई. अन् मी शहाणी! जमनी मध कुठून आणते हा सवाल मले कधी पडलाच नाई.

गाडी खालीच ठेवा लागली. वर गाडी चालूच देत नाईत ते. पोड मात्र पाहण्यासारखं. सारवलेली अंगणं, पळसाच्या पत्रावळी, घरोघरी सौर दिवा, कचऱ्याचं नाव नाई. जमीरमियाँसुद्धा कुरकुर सोडून सौर दिवे निरखाले लागले. मग जमनीनं नाल्याकाठचं बेहड्याचं झाड दाखवलं.

"आग्या मोहोळ हाये. आमी जाळत नाई, माशा मारत नाई. थोडं मध घेतो, बाकी त्याहिचं त्याहिले."

वर पाह्यलं, सुपाएवढी काळी पोळी लटकलेली. उमेराचा हात धराले वळली, त पोट्टी कधीच झाडाखाली पोचलेली.

एक माशी आली, तिच्या कानापाशी फिरली. मग चार आल्या. मग मोजता येईना.

"कानात काय हाये पोरीच्या?" जमनी दबक्या आवाजात बोलली.

अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया! ईदचा म्हणून तिच्या अब्बानं लाडानं खोसला होता. आमच्यात अत्तराबिगर ईद होते का? मी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत महकत होती. धावाले निघाली त जमनीनं मले मागं ढकललं.

"तुमी दोघं अत्तरवाले गेले त सारं मोहोळ खाली उतरन. इथंच राहा."

"उमेरा, हलू नको बेटा," मी म्हटलं. एक माशी तिच्या गालावर चालून राह्यली होती. पोट्टीनं डोळे घट्ट मिटले होते. या अल्ला, असं भेव दुश्मनाच्याही वाट्याले नको येऊ देऊ! लेकरू समोर, अन् माय जवळ जाऊ शकत नाई. जमीरमियाँनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

जमनी हळू गेली. दोन बोटांनी फाया काढला, आपल्या अंबाड्यात खोसला, चार पावलं सावकाश चालली, अन् मग सुटली नाल्याकडं. माशांचा लोट तिच्या मागं. धप्पकन डोहात पडल्याचा आवाज आला.

"उमेरा, हळूहळू वर ये," तिचे अब्बा म्हणाले. आमी दूर दूरच, मागं सरकत सरकत, तिले पोडापर्यंत आणलं.

बऱ्याच वेळानं जमनी आली. एक डोळा बंद, ओठ सुजलेले. पहिला सवाल तिचाच, "पोरीले चावली का?"

नाई. एकही नाई. मले रडूच फुटलं. हात पसरून धावली लेकराकडं, त उमेरा मागं सरली.

"जवळ नको येऊ अम्मी! तुझ्या अंगाले अत्तराचा वास येते!"

मी जागीच थांबली. जमनीच्या अंगणात पाण्याची मडकी होती. ईदच्या नव्या कपड्यांसकट खाली बसली, चुलीतली राख घेतली, मान घासली, हात घासले, केस घासले. मडकं अंगावर ओतलं. मग विचारलं, "आता येऊ?"

उमेरानं दुरूनच नाक वर करून वास घेतला.

"थोडा हाये अजून."

मी दुसरं मडकं उचललं.