मैनाबाईच्या खलातली मुळी

मी खल बोलतोय. पनवेलच्या कोळीवाड्यात मैनाबाईच्या ओट्यावर बसलेला, काळ्या दगडाचा, पोटाने खोलगट. जोडीला बत्ता आहे, पण त्याला डोकं नाही. वरून धपकन पडणं एवढंच येतं. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

काशिराम पाथरवटाने मला हायवेच्या कडेला बसून घडवलं. टाकीच्या प्रत्येक ठोक्याला एक शिवी. शाळेची पायरी न चढता माझं शिक्षण तिथेच पुरं झालं.

मैनाबाई मासे विकणारी. शिळा बोंबील ताजा म्हणून गळ्यात मारील, पण घरात फार भोळी. तिने मला लसूण, मिरची, सुकट कुटायला आणलं. मी पहिल्यापासून खोडकर. लसणाची पाकळी टुणकन उडवायची, मिरचीचा शिंतोडा नेमका तिच्या मुलाच्या, शैलेशच्या डोळ्यात!

"आये, ह्यो मुद्दाम करतो बघ!" तो ओरडायचा. मुद्दामच करायचो.

माझी मस्ती उतरली २०१३ साली. मैनाबाईची थोरली, कीर्ती, तळोज्याला कंपनीत कामाला होती. तिला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या हाडांतलं रक्ताचं जुनं बी जाळून टाकलं आणि शैलेशचं बी तिच्या अंगात सोडलं. स्टेम सेल म्हणे. आम्हा दगडांना काय कळतंय, पण पोर जगली.

घरी आली ती तोंडावर मास्क बांधून. पाणी उकळलेलं, जेवण ताजं, बाहेरचं काही नाही. मलाही रोज कढत पाण्याची आंघोळ! भावाचं रक्त बहिणीच्या अंगाशी भांडू नये म्हणून मूठभर गोळ्या होत्याच.

"माझं रक्त हाय, आता तू पण आळशी होणार," शैलेश चिडवायचा.

"तरीच मला सारखी झोप येते," कीर्ती म्हणायची.

वर्ष झालं तरी तिच्या अंगाची खाज जाईना, ताकद येईना. मैनाबाई घाबरली. बाजारात तिच्या शेजारी कर्नाळ्याच्या पायथ्याची ठमाबाई रानभाज्या आणि मुळ्या घेऊन बसते. मैनाबाईने तिच्यापाशी लेकीचं नाव घेतलं नाही. "माझे गुडघे धरलेत, अंगात जीव नाय," एवढंच म्हणाली. ठमाबाईने मुळी दिली आणि बजावलं, "नाव कुनाला सांगायचं नाय. सांगितलं का गुण जातो." आमच्याकडे हे सगळेच मानतात.

दुसऱ्या दिवसापासून ती कडू मुळी माझ्या पोटात. कीर्ती नाक दाबून काढा प्यायची, आईच्या समाधानासाठी.

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय दुसरं काही घेता?" कीर्तीने आईकडे पाहिलं. आईने नकाराची मान हलवली. "नाही," कीर्ती म्हणाली. हे घरी आल्यावर त्या दोघी कुजबुजत होत्या, तेव्हा मी ऐकलं.

पुढच्या महिन्यात शैलेश रिपोर्ट घेऊन आला आणि स्वयंपाकघरात मटकन बसला. "आये, तिचं लिव्हर बिघडलंय. माझंच रक्त तिच्यावर उठलंय असं डॉक्टरांना वाटतंय. गोळ्या वाढवल्यात." एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडला. मैनाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मुळीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने एकाऐवजी दोन मुळ्या टाकल्या.

मी जन्मभर उडवाउडवी केली, तीच विद्या वापरली. मुळी उडवून मोरीत पाडली. मैनाबाईने उचलली, धुतली, परत टाकली.

मग लेकीजवळ थांबायला तिने बाजारात जाणं सोडलं. आठ दिवसांनी ठमाबाईच घरी आली. "काय गं मैने, गुडघ्यांनी पार निजवलं का?" म्हणत हसत आत शिरली. समोर कीर्ती, डोळे हळदीसारखे पिवळे, हातात काढ्याचा पेला. ठमाबाईचं हसू तिथेच विरलं.

"मुळी हिला देतेस? ही कशानं आजारी हाय?"

मैनाबाईने खालमानेने सगळं सांगितलं.

"आगं ये बये! रक्त बदललेल्या पोरीला काय चालतं, मला काय ठावं? पोरी, फोन लाव तुज्या डाक्टरला."

"नाव नको घेऊ ठमे, गुण जाईल!" मैनाबाईने तिचा हात धरला.

"जाऊ दे जळला गुण!"

ठमाबाईने फोनवर मुळीचं नाव घेतलं. एकदा नव्हे, तीनदा. पलीकडच्या नर्सबाईला लिहिता येईना. मग डॉक्टर फोनवर आले. म्हणाले, आत्ता बंद करा, उरलेली मुळी घेऊन लगेच निघा.

आज पाचवा दिवस. कीर्ती दवाखान्यात, मैनाबाई तिच्याजवळ. मी ओट्यावर उपडा. मघाशी शैलेश कपडे न्यायला आला होता, फोनवर आईशी बोलला. लिव्हरचा आकडा चढायचा थांबलाय, उतरलेला नाही. दोष मुळीचा की रक्ताचा, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

"नाय आये, मी नाय चिडलो," तो म्हणत होता. "तू रडू नको. आधी ती घरी येऊ दे."

माणसांनो, मस्करी पुरे, पाया पडतो. काढा, मुळी, भस्म, जे घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. ओरडतील, ओरडू द्या. माझ्या पोटात काय काय कुटलं ते मला रोज दिसत होतं. तोंड मात्र तुम्हाला दिलंय.