मुद्दाम ठेवलेली चूक

मित्रांनो, आमच्या घरचे चिरंजीव जाहिरातींच्या फिल्म बनवतात आणि प्रत्येक फिल्ममध्ये मला चूक म्हणून उभं करतात. चुकून नाही, मुद्दाम! मग गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवून विचारतं, "ही खुर्ची मधेच कुठून आली?" आणि चिरंजीव खुशीत हसतात. या वयात माझ्या वाट्याला हे आलं. म्हणून म्हटलं, आज सगळं बोलून टाकावं.

मी जुनी आहे हे मान्य, पण जुनी म्हणजे मोडकी नव्हे. एका पाडलेल्या घराच्या दारापासून मला बनवलं. दार असताना मी ऊनपाऊस अंगावर घेतला आहे, त्यामुळे कुणापुढे वाकायची मला सवय नाही. मला हात नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, सुतार विसरला असेल. सुतार काही विसरला नव्हता. या घरातली आई तेव्हा तरुण होती आणि लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे घरी शिवून द्यायची. ती सुताराला म्हणाली, "दादा, हिला हात नकोत. मशीन चालवताना कोपरं आपटतात."

"अहो ताई, हाताशिवाय खुर्चीला शोभा नाही."

"शोभेला कोण बसतंय? मला कामाला बसायचंय."

तेव्हाच ती मला आवडली.

शाळेत जायचं भाग्य बाकांचं. मी घरातच राहिले, मला अक्षर ओळखता येत नाही. पण माणूस कसा बसतो त्यावरून तो कसा आहे हे मला कळतं. आई ताठ बसायची. मशीन थांबलं तरी पाठ टेकायची नाही. एक पडदा पुरा झाला की ती शिवणीवरून अंगठा फिरवायची. कुठे टाका सैल लागला तर उसवून पुन्हा शिवायची, मग गिऱ्हाईक दारात का उभं असेना. मान हलवली म्हणजे काम पास. कातरणं ती कधी फेकत नसे. त्याच कातरणांची उशी तिने मला शिवली, ती आजही माझ्या अंगावर आहे.

चिरंजीव मोठे झाले, नोकरी धरली, साहेबाशी भांडून सोडली आणि घरीच धंदा मांडला. स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच एडिटर. कॅमेरा भाड्याचा, संगणक हप्त्यांचा आणि खुर्ची फुकटची. म्हणजे मी. बाहेरच्या खोलीत खिडकीला काळा कागद लावून तो माझ्यावर बसायचा आणि पडद्यावरच्या पट्ट्या कापत राहायचा. इथून तुकडा काढ, तिथे जोड. मला वाटायचं, हाही आईसारखंच करतो आहे. एका कुलपांच्या कंपनीला त्याची फिल्म आवडली तेव्हा तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ही खुर्ची मला लाभली बरं का, आई!" कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच.

पुढे एकदा तो एका निवेदिकेचा आवाज रेकॉर्ड करत होता. तो जरा हलला आणि मी करकरले. आता लाकूड म्हटलं की करकरणारच! पण तो आवाज निवेदिकेच्या वाक्यात जाऊन बसला. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी चाकांची खुर्ची घरात आणली. काळी, गुबगुबीत, जिकडे ढकलाल तिकडे जाणारी. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर वायरींची भेंडोळी आली.

आता त्या चुकीची गोष्ट सांगते. मित्रांनो, जाहिरातीचं गिऱ्हाईक कधीच "छान झालं" म्हणून उठत नाही. पैसे दिलेत म्हणजे काहीतरी बदलायलाच हवं, असं त्याला वाटतं. मग ते नेमकं चांगल्या जागी बोट ठेवतं. चिरंजीवांनी यावर युक्ती काढली. फिल्ममध्ये एक ढळढळीत चूक आपणच ठेवायची. गिऱ्हाइकाने ती पकडली की ते खूश होतं आणि बाकीचं सोडून देतं. ती चूक म्हणजे मी. चकचकीत दवाखाना असो की बुटांचं दुकान, कोपऱ्यात मी उभी. गिऱ्हाईक म्हणायचं, "ती खुर्ची तेवढी काढा." आणि चिरंजीवांचं वाक्य तयार असायचं, "वा, अचूक पकडलंत! मला तर पहिल्यापासून डोळ्यात खुपत होती. काढून टाकतो." मग मी नसलेला शॉट जोडायचा. तोही आधीच घेऊन ठेवलेला.

हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की पुढचा काय बोलला हे ऐकायचीही त्याला गरज उरली नाही.

मग सोफेवाले आले. त्यांची फार दुकानं. फिल्म आवडली तर वर्षभराचं सगळं काम त्याला देणार होते. आमच्याच खोलीत त्यांचा सोफा आणून ठेवला. एक बाई दमून घरी येते आणि सोफ्यावर बसते, एवढाच प्रसंग. पण ठरवलेली नटी सकाळीच तापाने झोपली. सगळी तयारी करून माणसं थांबलेली. चिरंजीव आईकडे गेले.

"आई, तू बसतेस का?"

"मी? अरे, मला नाटकं येत नाहीत."

"नाटक नको. नुसतं बस."

आईने केस नीट केले, ठेवणीतले कपडे घातले आणि ती येऊन बसली. कशी बसली म्हणता? माझ्यावर बसायची तशीच, ताठ. पाठ टेकली नाही. मग तिचा अंगठा आपोआप सोफ्याच्या शिवणीवर गेला, टोकापर्यंत फिरला आणि तिने मान हलवली. पास!

चिरंजीव कॅमेऱ्यामागून बघत होते. लहानपणापासून पाहिलेला तो अंगठा त्यांना त्या दिवशी दिसला. नंतर एडिटिंग करताना त्यांनी तो शॉट पुन्हा पुन्हा पाहिला आणि आईला बोलावून दाखवला. "हा शॉट कुणाला काढू देणार नाही," म्हणाले. आईने लगेच मावशीला फोन केला. "अगं, मी जाहिरातीत आहे! चेष्टा नाही, खरंच!" खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनाही जिन्यात थांबवून सांगितलं. मी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

तो शॉट वाचावा म्हणून मी त्यात होतेच. सोफ्याच्या शेजारी, वायरी काढून, उशीसकट.

सोफ्याचे मालक फिल्म बघायला घरी आले. चिरंजीवांनी त्यांना चाकांची खुर्ची दिली. आई आत चहा करत होती. फिल्म संपली, मालक हनुवटी खाजवत बसले. चिरंजीव वाट बघत होते. वाक्य ओठांवर तयार होतं.

"छान आहे," मालक म्हणाले. "ती जुनी खुर्चीसुद्धा मस्त वाटते. नव्या-जुन्याचा मेळ. पण ती म्हातारी काढा हो. कोण आहे ती? तिच्याकडे बघून सोफा कोण घेईल?"

"वा, अचूक पकडलंत!" चिरंजीव म्हणाले. "मला तर पहिल्यापासून डोळ्यात खुपत होती. काढून टाकतो."

बोलून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. मित्रांनो, मला वाटलं, आता हा सावरेल. "थांबा साहेब, ती माझी आई आहे," असं तरी म्हणेल. तसा शब्द तोंडाशी आलाही असेल. पण मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी नजर पक्की आहे बरं का. वर्षभराचं काम तुझंच." मग शब्द गिळला तो गिळलाच.

आई चहा घेऊन आली. मालकांनी तिच्या तोंडाकडे न बघता कप उचलला. चिरंजीव पडद्याकडे बघत राहिले. आई कशी उभी आहे ते फक्त मी पाहिलं.

त्यानंतर त्याने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला, असं कितीदा तरी केलं. दोन फिल्म तयार ठेवल्या, एक आई असलेली आणि एक नसलेली. पाठवली कुठली, हे मी सांगायला नको. आईने एकदा विचारलं, "पाठवलीस का रे?" तर म्हणाला, "हो, आवडली त्यांना." एवढंच.

फिल्म टीव्हीवर आली त्या दिवशी मावशी आणि खालच्या शेजारीणबाई आमच्याकडे जमल्या. आईने तेच ठेवणीतले कपडे घातले होते. चिरंजीव दारापाशी उभे, जणू बाहेर काही काम आहे. जाहिरात लागली. रिकामा सोफा, सोफ्यावर ऊन आणि शेजारी मी. संपली.

"अगं, तू कुठे होतीस?" मावशीने विचारलं. "डोळे मिटले की काय मी?"

शेजारीणबाई म्हणाल्या, "खुर्ची मात्र छान दिसली हो."

"दिसणारच," आई म्हणाली. "सांगून करून घेतलेली आहे."

पाहुण्या गेल्यावर चिरंजीव सुरू झाले, "आई, अगं, ऐनवेळी त्या लोकांनी..."

"मी ऐकलं होतं रे," आई म्हणाली. "चहा घेऊन दारामागेच होते."

"मग मला बोलली का नाहीस? आणि या दोघींना का बोलावलंस?"

"मला वाटलं, तू नंतर त्यांना फोन करशील." ती कप गोळा करू लागली. "सैल टाका राहिला तर माणूस उसवून पुन्हा घालतो. मला वाटलं, घालशील."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

चिरंजीव खोलीत आले. चाकांच्या खुर्चीवर बसायची लाज वाटली असावी. माझ्यावरच्या वायरी त्यांनी खाली टाकल्या आणि किती वर्षांनी माझ्यावर बसले. पाठ टेकली, अंग सैल सोडलं, आता खुर्ची मला सांभाळून घेईल अशा बेताने.

मित्रांनो, वापरलेल्या वस्तूची आणि राबलेल्या माणसाची कदर करा, असं तुम्हाला शाळेत सांगतात. मी तुम्हाला नाही सांगत, तुम्ही शहाणे आहात. मला ज्याला सांगायचं होतं तो आयता माझ्यावर येऊन बसला होता. माझ्याजवळ बोली एकच, करकरायची. ती मी त्या दिवशी हातचं राखून वापरली नाही. चारही पायांनी अशी करकरले की तो दचकून ताडकन उभा राहिला. त्या करकरण्यात मी म्हणाले:

"ऊठ! ही तुझ्या आईची जागा आहे. मला इतकी वर्षं चूक म्हणून उभी केलीस, मी काही बोलले नाही. पण खुर्ची ठेवून आईला काढलीस, तेव्हाच तुझी माझ्यावरची जागा गेली. तो फोन उचल, नाहीतर त्या काळ्या चाकवालीवर जाऊन बस. तुम्हा दोघांना कुणी ढकलेल तिकडे जायला जमतं."